हिरव्या कॅप्सूलचा दिलासा

ताईकडे जेवण झालं, दाजी हात धुवायला उठले, आणि तेवढ्यात ताईने कपाटातली फाईल काढून माझ्या मांडीवर ठेवली. ‘तू बघ जरा. मला काही हे बरं दिसत नाही.’ आत चौदा महिन्यांपूर्वीचा सोनोग्राफीचा रिपोर्ट होता. फॅटी लिव्हर, ग्रेड टू. त्यामागे डॉक्टरांची चिठ्ठी : व्हिटॅमिन ई ४००, सकाळी एक, रात्री एक. सिलिमरिनची गोळी. लिव्हरचं टॉनिक, दोन-दोन चमचे. चिठ्ठीच्या तळाशी ‘वजन कमी करा, तेलकट टाळा’ एवढं एक वाक्य, तेही अर्धं शिक्क्याखाली गेलेलं.

दाजी बावन्न वर्षांचे. आठ वर्षांपासून शुगर. दारूला आयुष्यात शिवलेले नाहीत, त्यामुळे लिव्हरचं काही निघालं याची त्यांना मनातून लाजच वाटते. ते परत येऊन बसले आणि माझ्या हातातली फाईल बघून म्हणाले, ‘काही नाही हो पाव्हणं, सगळ्यांनाच असतं आजकाल. अँटिऑक्सिडंट चालू आहे.’

या शेवटच्या तीन शब्दांशी माझं भांडण आहे. आजार चालू, औषध चालू, आणि यकृतात वण पडायला लागलेत का, हे चौदा महिन्यांत एकानेही पाहिलेलं नाही. अँटिऑक्सिडंट हा शब्द कानावर पडला की रुग्णाला उपचार झाल्यासारखं वाटतं, डॉक्टरांची पाच मिनिटं वाचतात, मेडिकलवाल्याची महिन्याची विक्री ठरून जाते. यकृताच्या पेशीचं काय झालं, हा मूळ प्रश्न त्या शब्दाखाली गाडला जातो. म्हणून आज पेशीपासूनच सुरुवात.

मराठीत काळीज म्हणजे मुळात यकृतच. मटणाच्या दुकानात कलेजी मागितली की दुकानदार अचूक तेच तोलतो. बोलण्यात मात्र आपण काळीज उचलून हृदयाच्या जागी नेऊन बसवलं आणि खऱ्या काळजाकडे पाहायचं विसरलो. या काळजाची एकेक पेशी म्हणजे मोठा मुदपाकखाना आहे. हजार ते दोन हजार चुली एकाच पेशीत पेटलेल्या असतात. त्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. साखर आणि चरबी त्यांच्यात जळते आणि पेशीला ऊर्जा मिळते. जळताना निघालेले इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून पुढच्याकडे हातोहात जातात, विहिरीवरून घागरी हातोहात याव्यात तसे. इंधन बेताचं असेल तर थेंबही सांडत नाही म्हटलं तरी चालेल. पण पेशीत चरबीचे थेंब साठत गेले, चुलींवर इंधनाचा मारा सुरू झाला, की घागरी डचमळतात. सांडलेला इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला जाऊन चिकटतो आणि सुपरऑक्साइड नावाचा चावरा रेणू तयार होतो.

शरीराकडे यावर तोडगा आहे, आणि तो कोणत्याही बाटलीतून येत नाही. सुपरऑक्साइडला निकामी करणाऱ्या विकराचं काम मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच या दोघांनी १९६९ साली दाखवून दिलं. त्याच्या जोडीला कॅटलेज आहे, ग्लुटाथायोन आहे. पेशी स्वतः ही कुमक बनवते आणि गरज वाढली की जास्त बनवते. सारा बिघाड सुरू होतो तो चरबीचा भार या कुमकेच्या आवाक्याबाहेर गेल्यावर. मग तो चावरा रेणू पेशीच्या पडद्यातल्या चरबीला धरतो आणि फटाक्यांची माळ लागावी तसं होतं. एका रेणूने पेट घेतला की शेजारचा पेटतो, त्याच्या शेजारचा पेटतो. पडदे फाटतात, पेशी फुगते, मरते. यकृतातल्या रखवालदार पेशी, ज्यांना कुफर पेशी म्हणतात, त्या आरडाओरडा करून सूज आणतात. तो आरडाओरडा ऐकतात ताराकृती पेशी. एरवी त्या शांतपणे अ जीवनसत्त्व सांभाळत बसलेल्या असतात. सूज टिकली की ते काम टाकून त्या कोलॅजेनचे धागे विणायला घेतात. हेच धागे म्हणजे फायब्रोसिस. जखम बरी झाल्यावर कातडीवर वण राहतो, तसे यकृताच्या आत वण. वण वाढत गेले की सिरॉसिस.

ई जीवनसत्त्व या साखळीत नेमकं कुठे बसतं, हे कळलं तर त्याचं मोल आणि त्याची मर्यादा दोन्ही कळतात. ते चरबीत विरघळतं, म्हणून पेशीच्या पडद्यात जाऊन बसतं आणि फटाक्यांची माळ मध्येच तोडतं. कल्पना सुंदर आहे. ज्यांनी ती मांडली ते खरे शास्त्रज्ञ होते, आणि त्यांनी ती नुसती मांडली नाही, माणसांवर तपासूनही पाहिली.

२०१० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पिव्हेन्स नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. व्हर्जिनियातले डॉ. अरुण सन्याल तिचे पहिले लेखक. २४७ प्रौढ रुग्ण होते, आणि प्रत्येकाच्या यकृताचा तुकडा काढून चरबीसोबत सूज असल्याची खात्री केलेली होती. ९६ आठवडे रोज ८०० युनिट ई जीवनसत्त्व दिल्यावर ४३ टक्के रुग्णांच्या पेशी सुधारलेल्या दिसल्या. नुसती साखरेची गोळी घेतलेल्यांत हे प्रमाण १९ टक्के होतं. फरक खरा होता आणि मोठा होता. त्यामुळे ही कॅप्सूल म्हणजे निव्वळ फसवणूक आहे असं कुणी म्हणालं, तर त्याच्याशीही मी वाद घालेन.

पण चाचणीच्या दारावर एक पाटी होती, आणि ती आपल्याकडे वाचलीच जात नाही. मधुमेह असलेल्याला प्रवेश नव्हता. एकालाही नाही. मधुमेह असलेल्या माजी अमेरिकन सैनिकांवर पुढे वेगळी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१९ साली आले, आणि एकट्या ई जीवनसत्त्वाला ठरवलेलं मुख्य उद्दिष्ट गाठता आलं नाही. दाजींना आठ वर्षांपासून शुगर आहे. आपल्याकडे फॅटी लिव्हरच्या रांगेत शुगरवाल्यांची गर्दी असते, आणि त्या रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात तीच हिरवी कॅप्सूल.

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. पिव्हेन्समध्ये चरबी उतरली, सूज उतरली. वण मात्र ठामपणे उतरलेले दिसले नाहीत. आणि पुढे यकृत निकामी होणार की नाही, हे सर्वांत जास्त ठरतं ते वणांवरून. सोनोग्राफीतला ग्रेड वन, ग्रेड टू हा फक्त चरबीचा अंदाज आहे. वणांबद्दल तो अवाक्षर बोलत नाही. ग्रेड वनवाल्याच्या यकृतात वण खोल गेलेले असू शकतात आणि ग्रेड थ्रीवाल्याच्यात नावालाही नसू शकतात. तरी आपण ग्रेड ऐकतो आणि शाळेचं प्रगतिपुस्तक मिळाल्यासारखे खूश किंवा नाखूश होतो.

मोठ्या संस्थांचंही या औषधावर एकमत नाही. मधुमेह नसलेल्या काही निवडक रुग्णांत विचार करायला हरकत नाही, असं अमेरिकेतल्या यकृततज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं. युरोपातल्या संघटनेने २०२४ मध्ये शिफारस करायला नकार दिला : फायद्याचा पुरावा पुरेसा भक्कम नाही आणि लांबच्या काळातला धोका डावलता येत नाही. ‘निवडक’ या शब्दाला काही अर्थ असेल, तर कुणीतरी निवड करायला हवी. आपल्याकडे ती होत नाही. सोनोग्राफीत ‘फॅटी’ दिसलं की ई.

धोका कसला? अमेरिकेत पस्तीस हजारांहून जास्त पुरुषांवर झालेल्या सिलेक्ट या चाचणीत रोज ४०० युनिट ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेटच्या कॅन्सरचं प्रमाण १७ टक्क्यांनी जास्त भरलं. हा आकडा २०११ सालचा आहे. डॉक्टरांवरच केलेल्या दुसऱ्या एका मोठ्या चाचणीत मेंदूत रक्तस्राव होऊन येणारे झटके वाढलेले दिसले. एकेका माणसापुरता हा धोका लहान आहे, आणि ज्याच्या यकृतात खरी सूज आहे, मधुमेह नाही, त्याने डॉक्टरांशी बोलून तो पत्करला तर ते समजण्यासारखं आहे. पण दाजी सिलेक्टच्या दुप्पट मात्रा घेत होते, रोजच्या गरजेच्या वीसपटीहून अधिक, चौदा महिने. वाढत्या प्रोस्टेटचं वय. आणि यातलं एक अक्षर त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. जीवनसत्त्व आहे, म्हणजे अन्नच आहे, त्याने काय होणार, असं आपण धरून चालतो. ही कॅप्सूल फोडून चेहऱ्याला आणि केसांना लावतात हे घरोघरी माहीत असतं, त्यामुळे तिची भीती आणखीच मोडलेली.

हा धडा काही नवा नाही. फिनलंडमध्ये एकोणतीस हजार धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा-कॅरोटीन दिलं तर फुप्फुसाचा कॅन्सर घटेल अशी आशा होती. १९९४ साली निकाल लागला तेव्हा तो १८ टक्क्यांनी वाढलेला होता. गाजरातलं बीटा-कॅरोटीन वेगळं आणि गोळीतलं मोठं वजन वेगळं, हे तेव्हाच जगाला कळायला हवं होतं.

असं का व्हावं? कारण पेशीतला तो चावरा रेणू नुसता गुंड नाही, तो निरोप्याही आहे. थोड्या प्रमाणात सांडलेल्या इलेक्ट्रॉनवरूनच पेशीला कळतं की आज श्रम झालेत, संरक्षण वाढवा, इन्सुलिनचं ऐका. २००९ साली मायकेल रिस्टो यांच्या गटाने जर्मनीत तरुण पुरुषांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. निम्म्यांना सोबत क जीवनसत्त्व आणि ई जीवनसत्त्व. गोळ्या न घेणाऱ्यांचं शरीर इन्सुलिनला नीट प्रतिसाद द्यायला लागलं. गोळ्या घेणाऱ्यांना व्यायामाचा तो लाभ मिळाला नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा उठून येरझाऱ्या घातल्या होत्या. घाम गाळायचा, आणि घामाचा निरोप पेशीपर्यंत पोहोचण्याआधीच गोळीने तो पुसून टाकायचा! चाचणी लहान होती, तरुण निरोगी होते, त्यावरून दाजींसारख्यांबद्दल शपथेवर काही सांगता येणार नाही. पण ‘घेतली तर बिघडतं काय’ या आपल्या लाडक्या वाक्याला ती पुरेसं उत्तर आहे.

अँटिऑक्सिडंट यकृताला कधीच वाचवत नाही असं नाही. एखाद्याने पॅरासिटामॉलच्या ढीगभर गोळ्या गिळल्या तर यकृतातलं ग्लुटाथायोन संपतं आणि पेशी तासातासाने मरायला लागतात. अशा वेळी एन-ॲसिटिल सिस्टीन दिलं की ग्लुटाथायोन पुन्हा भरतं. वेळेत दिलं तर माणूस वाचतो. तिथे काय संपलंय, का संपलंय आणि ते कशाने भरेल हे तिन्ही माहीत आहे. फॅटी लिव्हरमध्ये मुदपाकखान्यात लाकडांचा ढीग रोज येऊन पडतोय. तो न थांबवता आपण धूर पुसतोय.

हा ढीग येतो कुठून, याचं उत्तरही आपण चुकीचं धरलंय. चिठ्ठीवर ‘तेलकट टाळा’ लिहिलं की घरातलं तूप बंद होतं आणि चहातली साखर तशीच राहते. अमेरिकेत २००५ साली एक बारीक अभ्यास झाला. रुग्ण नऊच होते, पण चरबीच्या रेणूंना खूण करून प्रत्येक थेंबाचा माग काढला होता. यकृतातल्या चरबीचा ५९ टक्के वाटा आला अंगावरच्या चरबीतून सुटून रक्तात आलेल्या मेदाम्लांतून. २६ टक्के यकृताने स्वतः साखर-पिष्टापासून बनवली होती. ताटातल्या तेला-तुपातून थेट आलेली फक्त १५ टक्के. आपली साखर निम्मी फ्रुक्टोज असते, आणि फ्रुक्टोज पचवण्याचं काम बहुतेक यकृताच्या गळ्यात पडतं. दिवसाचे पाच चहा, उन्हाळ्यातला उसाचा रस, पाहुण्यांसाठी आणलेलं पाकिटातलं फळांचं पेय, चहाबरोबरची बिस्किटं, आणि चतुर्थी-एकादशीला साबुदाण्याची भरलेली थाळी. ताईला मी हे सांगितलं तेव्हा तिने आधी माझ्याकडे आणि मग साखरेच्या डब्याकडे पाहिलं.

‘पण ते काही तसे जाड नाहीत,’ ती म्हणाली. या वाक्याचं उत्तर तर पुण्यातच आहे. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी काढलेला फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि याज्ञिक २१.२ टक्के. वरून सडपातळ, आतून चरबीचं शरीर. याज्ञिकांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला आणि दाखवून दिलं की आपली बाळं जन्मतःच वजनाने हलकी असतात, पण चरबी धरून असतात. बंगालमधल्या बीरभूम जिल्ह्यातल्या खेड्यांत २०१० साली असंच निघालं. फॅटी लिव्हर सापडलेल्यांत चारातल्या तिघांचा बॉडी मास इंडेक्स पंचविसाच्या आत होता. शेतावर राबणारे लोक होते ते. आरशात बघून ‘मी कुठे जाड आहे’ म्हणणाऱ्या मराठी माणसाने पँटचा पट्टा कुठल्या भोकावर आलाय ते बघावं.

आणि मुंबईत? डॉ. दीपक अमरापूरकर यांनी दोन रेल्वे वसाहतींत जाऊन साध्या माणसांची तपासणी केली होती. वीस वर्षांवरच्या जवळपास १९ टक्के लोकांच्या यकृतात चरबी सापडली. हा निबंध २००७ चा. तेव्हा हा आजार श्रीमंतांचा समजला जायचा. अमरापूरकर २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात प्रभादेवीजवळ उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले, आणि बहुतेकांना ते त्या एका बातमीपुरतेच आठवतात. दाजींच्या फाईलमधला आजार या शहरात दारोदार जाऊन मोजणारा माणूस तो होता. देशभरातल्या पाहण्या एकत्र करून २०२२ साली दिल्लीच्या एम्समधून जो अंदाज आला त्यात प्रौढांतलं प्रमाण ३८ टक्क्यांच्या आसपास होतं आणि मुलांतलं ३५. ‘सगळ्यांनाच असतं’ हे दाजींचं वाक्य आकड्यांनी जवळपास खरं केलंय. पण सगळ्यांना आहे म्हणून कुणाचीच नीट तपासणी करायची नाही, हा कुठला न्याय?

तपासणीची पहिली पायरी फुकट आहे. अक्षरशः फुकट, कारण लागणारे आकडे आधीच फाईलमधल्या रक्ताच्या रिपोर्टात असतात. तिला फिब-फोर म्हणतात. वय गुणिले एसजीओटी. त्याला भागायचं प्लेटलेट गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ यांनी. प्लेटलेट हजारांत घ्यायच्या, म्हणजे रिपोर्टवर २.१ लाख असतील तर २१०. ताईच्या डायनिंग टेबलावर, वाटाण्याच्या पाकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी हे मांडलं. दाजींचं वय ५२, एसजीओटी ४८. गुणाकार २,४९६. एसजीपीटी ६४, त्याचं वर्गमूळ ८. आठ गुणिले २१० म्हणजे १,६८०. भागाकार १.४९. हा आकडा १.३ च्या खाली असला तर वण असण्याची शक्यता कमी धरतात, पासष्टीनंतर ही रेषा २ वर नेतात. २.६७ च्या वर गेला तर काळजीचं. मधला असेल तर फायब्रोस्कॅन करून यकृत किती कडक झालंय ते बघायचं. चौदा महिने हे चार आकडे त्या फाईलमध्ये पडून होते आणि भागाकार करायला एक मिनिट लागला.

वण दिसले तर पुढे रस्ते आहेत. मोकळे हात घेऊन बसायचा काळ संपला. आपल्या देशात सारोग्लिटाझारला या आजारासाठी २०२० मध्ये परवानगी मिळाली. अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये रेस्मेटिरोम आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड, ही दोन औषधं मध्यम ते पुढे गेलेल्या वणांसाठी मंजूर झाली. कुणाला काय द्यायचं हे तज्ज्ञाने ठरवायचं. पण ज्याची वणांची तपासणीच झालेली नाही, तो या रस्त्याच्या तोंडापर्यंतही पोहोचत नाही. तो मेडिकलच्या काउंटरवर कॅप्सूलची पट्टी घेत उभा राहतो.

आणि औषधाआधीचा रस्ता. क्यूबात हवानामध्ये २९३ रुग्णांना वर्षभर आहार-व्यायामावर ठेवलं. ज्यांचं वजन दहा टक्के किंवा जास्त उतरलं त्यांच्यातल्या ९० टक्क्यांच्या यकृतातली सूज गेली, आणि ४५ टक्क्यांचे वणसुद्धा मागे हटले. वण मागे हटले! एवढा परिणाम पिव्हेन्समधल्या कॅप्सूलला दाखवता आलेला नाही. पण हेही सांगायला हवं की दहा टक्के उतरवू शकले ते दहातले एकच. ‘वजन कमी करा’ असं शिक्क्याखाली लिहून ते कमी होत नाही. त्यासाठी कुणीतरी दर महिन्याला वजन टिपून घ्यावं लागतं, जेवणात नेमकं काय बदलायचं ते बसून बोलावं लागतं, घसरल्यावर पुन्हा उभं करावं लागतं. केंद्र सरकारने २०२१ मध्ये फॅटी लिव्हरचा समावेश असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला, ही चांगली गोष्ट झाली. आशाताईंच्या तक्त्यात कंबरेच्या घेराचा प्रश्न आहेच. पुरुषाची नव्वद सेंटिमीटर, बाईची ऐंशी, त्यापुढे गेलं की गुण चढतात. आता कंबर मोजल्यावर त्या माणसाला पाठवायचं कुठे, याचं उत्तर तालुक्याच्या गावात मिळायला हवं. शहरातल्या पॉश दवाखान्यांतही ते नीट मिळत नाही, हे मी दाजींच्या फाईलवरून सांगतो.

एक इशारा राहिला. लिव्हर साफ करायचं म्हणून जे काही विकलं जातं त्यात लिव्हरलाच इजा करणाऱ्या वस्तू आहेत. करोनाकाळात प्रतिकारशक्तीसाठी गुळवेलीचे काढे आणि गोळ्या घेऊन यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ साली छापली. आयुष मंत्रालयाने वनस्पतीची ओळख पटवण्यावरून आक्षेप घेतला. नंतर देशातल्या अनेक केंद्रांतून तसेच आणखी रुग्ण नोंदले गेले. हळदीच्या अर्कात मिरीतलं पायपेरीन मिसळून केलेल्या गोळ्यांनी यकृताला सूज आल्याच्या नोंदी अमेरिकेत आहेत. ग्रीन टीच्या अर्काच्या मोठ्या मात्रेबद्दल युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्येच सावध केलंय. भाजीतली चिमूटभर हळद आणि कपातला चहा यांना मी काही म्हणत नाही. अर्क काढून, दाबून भरलेली मात्रा म्हणजे औषध, आणि औषधासारख्या चाचण्या न करता ती अन्नपूरक म्हणून खपवली जाते. ज्याचं यकृत आधीच थकलंय, तोच या गोळ्यांचं पहिलं गिऱ्हाईक.

दाजींचा फायब्रोस्कॅन गेल्या मंगळवारी झाला. ९.६ किलोपास्कल. आठच्या खाली असता तर निर्धास्त झालो असतो, बाराच्या वर असता तर घाबरलो असतो. आता पोटविकारतज्ज्ञांकडे फाईल आहे. त्यांनी ई जीवनसत्त्व थांबवलं, टॉनिक थांबवलं, शुगरच्या औषधात बदल सुचवला आणि वजनाचं लक्ष्य लिहून दिलं. ८४ वरून ७६, घाई न करता. रात्रीच्या जेवणात भात अर्धा, चहा दोनच आणि बिनसाखरेचा, रोज पाऊण तास चाल. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आहारतज्ज्ञ बाईंना वजन कळवायचं. घरी परतताना रिक्षात दाजी गप्प होते. मग म्हणाले, ‘पाव्हणं, चौदा महिने मी ती गोळी एक दिवस चुकवली नाही. सासऱ्यांच्या तेराव्यालासुद्धा खिशात घेऊन आलो होतो. चालायला सांगितलं असतं कुणी असं बसवून, तर चाललो नसतो का मी?’